चालवू नका, पण निदान वाचू तरी द्या: ऑफिस सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ऑफिस सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सगळ्या कंपन्या आणि ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये) हेच काम करणाऱ्या सगळ्या टीम यांस,

स.न.वि.वि.

पत्र तुम्हाला लिहितेय पण सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय. कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाहीये, ज्याच्या कुणाच्या जुन्या हार्ड डिस्कवर, सीडीवर, पेन ड्राइव्हवर पंधरा-वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या फाइली पडून आहेत त्या प्रत्येकाचा आहे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना असा काही प्रश्न आहे हेच अजून माहीत नाही कारण त्यांनी त्या फाइली इतक्या वर्षांत उघडूनच बघितलेल्या नाहीत.

निमित्त झालं पब्लिशरचं, म्हणजे माहितीपत्रकं, नियतकालिकं अशांची पानं लावायच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामचं. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय की ऑक्टोबर २०२६ नंतर पब्लिशरला सपोर्ट नाही, आणि जे लोक मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरतात त्यांना त्यानंतर पब फाइली (पब्लिशरमध्ये बनवलेल्या फाइली) उघडताच येणार नाहीत, तेव्हा त्याआधी तुमच्या फाइली पीडीएफ किंवा वर्डमध्ये करून घ्या. एखादा प्रोग्राम बंद करणं मी समजू शकते, वापरणारे कमी झाले असतील, दुसरी चांगली साधनं आली असतील. पण नवीन फाइल बनवता येणार नाही हे वेगळं आणि आधी बनवलेली फाइल बघताही येणार नाही हे वेगळं, आणि या दोन गोष्टी तुम्ही एकाच घोषणेत एकत्र करून टाकता हे मला मान्य नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्या एकाच मुद्द्यावर आहे. जुनी फाइल एडिट करू देऊ नका, तिच्यातले मॅक्रो (फाइलीतच भरलेले छोटे प्रोग्राम) चालवू नका, जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करू देऊ नका, पण आत काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे आणि तिथून बाहेर काढता आलं पाहिजे. हे कायम.

मी टायपिंग आणि डीटीपीचं काम करते. पुस्तकाची पानं लावणं, प्रबंध सेट करणं, संस्थांचे अहवाल, नियमावल्या, सभासदांच्या याद्या असं सगळं. नवीन काम असतंच पण त्याच्या बरोबरीने सारखं येणारं काम म्हणजे ‘जुनी फाइल आहे, तेवढी उघडून द्या’. लेखकाला पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची असते आणि फाइल आहे म्हणून तो निर्धास्त असतो. निवृत्त प्राध्यापकांना नोट्स विद्यार्थ्यांना द्यायच्या असतात. संस्थेची घटना कधी दुरुस्त झाली ते बघायला जुनं इतिवृत्त हवं असतं कारण आता त्यावर वाद सुरू झालाय. या सगळ्यांनी फाइल जपलेली असते, नीट जपलेली असते, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर नेलेली असते, एकही बाइट हललेला नसतो, आणि तरी समोर येतं काय तर ‘फाइल खराब आहे’ नाहीतर ‘हा फाइल प्रकार उघडता येत नाही’. फाइल खराब नसते. तीच फाइल मी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते आणि मजकूर समोर येतो, कधी अर्धामुर्धा, कधी अख्खा. मग खराब कोण होतं? आणि त्या मेसेजवर विश्वास ठेवून किती लोकांनी आपल्या चांगल्या फाइली डिलीट केल्या असतील याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं, कारण ‘आता हे खराबच झालंय, जागा कशाला अडवायची’ असं म्हणून पुसून टाकलेली माणसं मी बघितली आहेत.

आता तक्रारी एकेक करून सांगते, क्रम महत्त्वाचा नाही.

पहिली तक्रार, दरवाजा बंद करताना तुम्ही आधी सांगत नाही. २००७ च्या सप्टेंबरमध्ये ऑफिस २००३ चा सर्व्हिस पॅक ३ आला तेव्हा जुन्या वर्डच्या, जुन्या पॉवरपॉइंटच्या, लोटस या जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या, कोरल ड्रॉच्या फाइली आपोआप ब्लॉक झाल्या. लोकांनी इन्स्टॉल केलं होतं ते सुरक्षेचं अपडेट म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी कालपर्यंत उघडत होती ती फाइल उघडेना. उपाय काय दिला होता तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, हाताने बदल करा, जे साध्या माणसाने करूच नये असं तुम्हीच एरवी सांगता. खूप ओरड झाल्यावर २००८ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने ते बदल आपोआप करणाऱ्या तयार फाइली डाउनलोडला ठेवल्या आणि हेही कबूल केलं की धोका त्या फाइल फॉरमॅटमध्ये नाही, तो फॉरमॅट वाचणाऱ्या आपल्या कोडमध्ये आहे. हे वाक्य मी विसरत नाही. कारण आजही सगळीकडे बोललं जातं असंच की ‘जुने फॉरमॅट असुरक्षित आहेत’, म्हणजे दोष जणू फाइल लिहिणाऱ्याचा.

दुसरी, मधल्या टप्प्याची. ॲक्सेस ९७ ची डेटाबेस फाइल घ्या (ॲक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्टचं याद्या-नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर). ॲक्सेस २०१३ पासून पुढे ती उघडत नाही. उपाय काय, तर ती आधी ॲक्सेस २००७ किंवा २०१० मध्ये उघडा, नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा आणि मग नव्यात आणा. पण ऑफिस २०१० चा सपोर्ट २०२० च्या ऑक्टोबरमध्येच संपला. म्हणजे जो उपाय तुम्ही सांगताय तो करायला जे सॉफ्टवेअर लागतं ते तुम्हीच वापरू नका म्हणताय. ॲपलनेही हेच केलं, २०१३ मध्ये पेजेस, म्हणजे त्यांचं वर्डसारखं सॉफ्टवेअर, नव्याने लिहून काढलं तेव्हा आयवर्क ०८ च्या (आयवर्क म्हणजे पेजेस ज्यात येतं तो ॲपलचा ऑफिस संच) फाइली थेट उघडेनात, आधी आयवर्क ०९ मध्ये उघडून सेव्ह करा मग इकडे आणा असं सांगण्यात आलं, आणि त्याआधीच्या ॲपलवर्क्स या सॉफ्टवेअरच्या फाइली तर नव्या पेजेसने ओळखायच्याच सोडून दिल्या. ज्याने मधली आवृत्ती घेतलीच नाही, कारण त्याचं जुन्यावर चांगलं चाललं होतं, त्याने काय करायचं? प्रत्येक आवृत्ती वेळच्या वेळी घेत राहिलास तरच तुझे कागद तुझे, नाहीतर नाही, असा हा नियम झाला आणि तो कुठेही लिहून दिलेला नव्हता. पॉवरपॉइंट ९५ आणि त्याआधीच्या प्रेझेंटेशनचंही तेच, आजच्या पॉवरपॉइंटमध्ये ती उघडत नाहीत.

आणि हे फक्त पैसे घेणाऱ्या कंपन्याच करतात असंही नाही. लिब्रेऑफिस, म्हणजे फुकट मिळणारं ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअर, मी रोज वापरते, त्यांचे माझ्यावर खूप उपकार आहेत, तरी सांगते, २०१३ मध्ये लिब्रेऑफिस ४.० आलं तेव्हा स्टारऑफिसचे जुने फॉरमॅट त्यांनी काढून टाकले. स्टारऑफिस म्हणजे त्यांचा स्वतःचा पूर्वज! पुढे वेगळी लायब्ररी, म्हणजे फाइल वाचणाऱ्या कोडचा संच, लिहून ते वाचायची सोय परत आणली गेली, ज्यांनी आणली त्यांचे आभार, पण मधल्या काळात ज्याने फाइल उघडून बघितली आणि नाद सोडला तो परत बघायला आला असेल का?

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त छळणारी आहे त्यामुळे जरा लांबेल. फाइल उघडते पण तीच फाइल राहत नाही.

एक सूची होती, संदर्भग्रंथाची, शेवटची पंधरा-सोळा पानं नुसती नावं आणि पुढे पान नंबर, आणि ते नंबर हाताने टाइप केलेले, कारण त्या काळी ज्यांनी केलं त्यांना ऑटोमॅटिक इंडेक्स करता येत नव्हता किंवा भरवसा नव्हता. फाइल नव्या आवृत्तीत उघडली, एकही एरर नाही, सगळं छान दिसतंय. नीट बघितलं तर पहिल्या प्रकरणात एका परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानावर गेलीय. तिच्यामुळे पुढचं शीर्षक खाली, तळटीप दुसऱ्या पानावर, आणि असं करत करत पुस्तकाच्या मध्यापर्यंत दोन पानांचा फरक. सूचीतला जवळजवळ प्रत्येक आकडा चुकीचा. हे प्रूफ वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही कारण प्रूफ वाचणारा शब्द वाचतो, सूचीतला नंबर घेऊन पान उलटून बघतो असं क्वचित होतं. मला दिसलं कारण छापील जुनी प्रत माझ्याकडे होती. ज्यांच्याकडे नाही त्यांचं काय, आणि करारपत्रात ‘पान अमुक, ओळ तमुक’ असा उल्लेख असेल तर?

असं का होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ओळ कुठे तोडायची हे फाइलीत लिहिलेलं नसतं, सॉफ्टवेअर ते प्रत्येक वेळी नव्याने ठरवतं, फॉन्टची रुंदी-उंची बघून, प्रिंटर ड्रायव्हर बघून, आणि त्या आवृत्तीचा ओळ तोडायचा जो काही नियम असेल त्याप्रमाणे. फॉन्ट मशीनवर नसला की तुम्ही गुपचूप दुसरा लावता. मंगल फॉन्टचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, विंडोज १० पासून तो थेट येत नाही, देवनागरीचे जादाचे फॉन्ट म्हणून वेगळे घ्यावे लागतात, आणि कितीतरी वर्षं मराठीत युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत) जे काही टाइप झालं त्यातलं बरंचसं मंगलमध्येच आहे. ज्या मशीनवर तो नाही तिथे दुसरा फॉन्ट येतो, त्याची उंची वेगळी, झालं, पानं सरकली. सांगायला एक ओळ पुरली असती, ‘या फाइलीतला अमुक फॉन्ट या कॉम्प्युटरवर नाही, त्याच्या जागी तमुक लावलाय, पानं बदलू शकतात’. कुठला फॉन्ट कशाने बदलला ते तुमच्याच सेटिंग्जमध्ये एका कोपऱ्यात बघायला मिळतं, म्हणजे तुम्हाला माहीत असतं. मग समोर का नाही दाखवत?

युनिकोडच्या आधीच्या मराठी फाइली ही तर वेगळीच कथा आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सुरेख, असे फॉन्ट ज्यांनी वापरले त्यांच्या फाइलीत खरं तर मराठी अक्षरं नाहीतच, इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरी आकार बसवलेले आहेत. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट गेला की पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं आणि टिंबं. लोक घाबरतात, व्हायरस आला म्हणतात. यात तुमचा एकट्याचा दोष नाही हे मान्य, ते फॉन्ट तुम्ही बनवले नव्हते. पण फॉन्टचं नाव फाइलीत असतं, तेवढं बघून ‘हा मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये बदलू का’ एवढं विचारणं आजच्या घडीला अवघड नाही. त्याऐवजी आम्ही इकडून तिकडून मिळालेले कन्व्हर्टर वापरतो आणि मग पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते (जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर येते), रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, मध्ये आलेला इंग्रजी शब्दही मराठी समजून त्याचा चुराडा होतो, आकड्यांचं काय होईल सांगता येत नाही. मग अख्खं पुस्तक ओळ अन् ओळ परत वाचायचं. मी वाचते, कारण ते माझं काम आहे, पण आपल्या आजोबांच्या आठवणी उघडायला निघालेल्या माणसाने हे कधी आणि कसं करायचं?

चौथी, आकड्यांच्या फाइली. ही थोडक्यात सांगते पण धोका हिच्यात मोठा आहे, मजकूर बिघडला तर दिसतो, तारीख बिघडली तर दिसत नाही. एक्सेलमध्ये तारखा मोजायच्या दोन पद्धती आहेत, एक १९०० पासून आणि दुसरी १९०४ पासून, दुसरी मॅकवर बरीच वर्षं चालत होती. एका पद्धतीच्या फाइलीतून दुसरीत तारखा कॉपी केल्या तर त्या १,४६२ दिवसांनी सरकतात, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस. जन्मतारीख असेल, कर्जाचा हप्ता असेल, नोकरीत लागल्याची तारीख असेल, दिसायला ती अगदी व्यवस्थित तारीख दिसते, फक्त खोटी असते. या जागी एक साधी सूचना पुरेशी आहे.

पाचवी, समीकरणांची. कितीतरी गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षं इक्वेशन एडिटर ३.० मध्ये समीकरणं टाइप केली. त्यात सुरक्षेचं भगदाड सापडलं आणि २०१८ च्या जानेवारीच्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने तो एडिटरच काढून टाकला. काढला ते बरोबरच केलं असं मी म्हणेन, त्या भगदाडाचा वापर करून खरोखर हल्ले होत होते. समीकरणं चित्रासारखी दिसत राहिली हेही चांगलं केलं. पण एक चिन्ह चुकलंय म्हणून डबल क्लिक केलं की ‘उपलब्ध नाही’. जुनी समीकरणं नव्या प्रकारात बदलून घ्यायची सोय वर्डमध्ये आली ती नंतर. ती आधी यायला हवी होती, मग एडिटर काढायचा होता. क्रम उलटा झाला आणि मधल्या काळात लोकांनी पेपर, पुस्तकं परत टाइप केली.

आता तुमच्याकडून काय उत्तरं येतात ती मला माहीत आहेत, कारण तीच तीच येतात.

‘सुरक्षेसाठी.’ मान्य आहे, अगदी मनापासून मान्य आहे. जुना, कोणी हात न लावलेला कोड, त्यात मुद्दाम बिघडवलेली फाइल टाकून कॉम्प्युटर ताब्यात घेता येतो, हे खरं आहे. पण यावरचा उपाय तुमच्याच घरात आहे ना. ऑफिस २०१० पासून प्रोटेक्टेड व्ह्यू आहे, फाइल बाकी कॉम्प्युटरपासून वेगळी ठेवून नुसती वाचायला उघडायची सोय. फाइल ब्लॉकच्या सेटिंगमध्येही तीन पर्याय आहेत, उघडूच नका, प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडा, किंवा प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडून एडिट करू द्या. मी जे मागतेय ते म्हणजे यातला मधला पर्याय. तोच कायमचा, सगळ्या जुन्या फॉरमॅटसाठी, आणि ऑप्शन्स, मग ट्रस्ट सेंटर, मग ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, मग फाइल ब्लॉक इतक्या आत न पुरता. शिवाय ऑफिसातल्या मशीनवर ते सेटिंग ॲडमिनने बंद केलेलं असतं, मग आत जाऊनही उपयोग नाही. कपाटाला नवं कुलूप बसवलं म्हणून आतले कागद कोणी फेकून देत नाही.

‘इतके जुने फॉरमॅट सांभाळणं शक्य नाही.’ हे मला पटत नाही, कारण तुम्हाला हवं तेव्हा तुम्ही सांभाळता. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटस १-२-३ मध्ये ते लीप वर्ष धरलं गेलं होतं, आणि लोटसच्या फाइली एक्सेलमध्ये बरोबर याव्यात म्हणून एक्सेलने ती चूक मुद्दाम जशीच्या तशी घेतली. आजच्या एक्सेलमध्ये ६० हा आकडा तारखेच्या फॉरमॅटमध्ये टाकून बघा, २९ फेब्रुवारी १९०० येते, जी तारीख कधी नव्हतीच. लोटस गेलं, तरी त्याची चूक तुम्ही इमानाने सांभाळताय, कारण ती काढली तर लोकांची गणितं बिघडतील हे तुम्हाला कळतं. हे चांगलंच आहे! हाच विचार मजकुराच्या बाबतीत करा एवढंच मागणं आहे.

आणि शक्य नाही म्हणता तर बाहेरच्या लोकांनी ते करून दाखवलंय. जुने फॉरमॅट वाचणारा कोड लिहिणाऱ्यांचा डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट २०१४ मध्ये सुरू झाला, त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या लायब्ररींमुळे आज लिब्रेऑफिसमध्ये वर्डपरफेक्ट उघडतं, मायक्रोसॉफ्ट वर्क्स उघडतं, लोटस उघडतं, अगदी पब्लिशरची पब फाइलसुद्धा बऱ्यापैकी उघडते. ज्यांच्याकडे मूळ कोड नव्हता, कागदपत्रं नव्हती, अशा लोकांनी फाइलीतला एकेक बाइट तपासून हे केलंय. ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांना जमत नाही हे कसं मानायचं?

‘वेळेवर कन्व्हर्ट करायला हवं होतं.’ हे उत्तर सगळ्यात जास्त लागतं. फाइल सेव्ह केली म्हणजे राहिली, असंच तुम्ही लोकांना शिकवलंत. कागदाला वाळवी लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण फाइलीची दर पाच-सात वर्षांनी अशी काळजी घ्यावी लागते हे ना खोक्यावर लिहिलेलं होतं ना मदतीच्या पानावर. ज्यांनी फाइली बनवल्या त्यातले काही आता नाहीत, त्यांच्या घरच्यांना ते सॉफ्टवेअर कुठलं होतं तेही माहीत नाही. त्यांनी कन्व्हर्ट कधी करायचं होतं?

ज्या गोष्टी तुम्ही बरोबर केल्यात त्याही लिहिल्या पाहिजेत नाहीतर पत्र एकतर्फी होईल. २००७ मध्ये डॉकएक्स, म्हणजे वर्डचा नवा फाइल फॉरमॅट, आलं त्याचा मला व्यक्तिशः फार उपयोग झालाय, कारण ती फाइल म्हणजे आतून झिप, अनेक फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं आहे, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप केलं आणि उघडलं की वर्ड नावाचा फोल्डर, त्यात डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल, आणि त्यात तुमचा सगळा मजकूर साध्या अक्षरात वाचता येतो. उद्या सगळी ऑफिस सॉफ्टवेअर बंद पडली तरी ते शब्द हाताला लागतील. लिब्रेऑफिस वापरतं त्या ओपन डॉक्युमेंट फॉरमॅटचंही तसंच, तो २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा मानक झाला आणि डॉकएक्सवाला फॉरमॅट २००८ मध्ये. जुन्या डॉक, एक्सएलएस, पीपीटी फाइली आतून कशा असतात याची माहितीसुद्धा मायक्रोसॉफ्टने २००८ च्या फेब्रुवारीत सगळ्यांसाठी खुली केली, त्याच्यामुळे कितीतरी जणांच्या फाइली वाचल्या. म्हणजे मनात आणलं की तुम्ही करता. पण ॲक्सेसच्या जुन्या डेटाबेसचं काय, पब्लिशरचं काय, वर्क्सचं काय? तिथे हीच माहिती त्याच मोकळेपणाने का ठेवत नाही?

तेव्हा मागण्या.

१. एकदा जो फॉरमॅट तुमच्या सॉफ्टवेअरने वाचला तो वाचायची सोय कधीही काढू नका. एडिट बंद करा, सेव्ह बंद करा, मॅक्रो बंद करा, पण सुरक्षित खिडकीत फाइल दिसू द्या आणि तिथून मजकूर, तक्ते, चित्रं बाहेर नेता येऊ द्या.

२. मुख्य सॉफ्टवेअरमध्ये ते ठेवायचंच नसेल तर वेगळा, फुकट, इंटरनेटशिवाय चालणारा कन्व्हर्टर द्या. इंटरनेटशिवाय हे मुद्दाम लिहितेय, लोकांची मृत्युपत्रं, आजारपणाचे कागद, कोर्टाचे कागद कुठल्यातरी वेबसाइटवर चढवायला लावू नका. आणि तो एकेक फाइल नाही तर अख्खा फोल्डर एकदम करणारा हवा.

३. पब्लिशरच्या बाबतीत तर हे ऑक्टोबर २०२६ च्या आत व्हायला हवं. नुसतं बघता येईल, प्रिंट करता येईल असा व्ह्यूअर दिलात तरी लोकांची नियतकालिकं, प्रमाणपत्रं, माहितीपत्रकं हातची जाणार नाहीत.

४. जो फॉरमॅट सोडून देताय त्याची पूर्ण माहिती त्याच दिवशी सगळ्यांना खुली करा, म्हणजे तुम्ही नाही तर दुसरं कोणीतरी वाचेल.

५. ‘फाइल खराब आहे’ हे खरोखर खराब असेल तेव्हाच म्हणा. फाइल कुठल्या सॉफ्टवेअरच्या कुठल्या आवृत्तीतली आहे ते सांगा, तुमचं सॉफ्टवेअर ती का उघडत नाही ते सांगा आणि ती कशात उघडेल ते सांगा. फाइलीच्या सुरुवातीच्या काही बाइटवरून ती कुठली आहे ते बहुतेक वेळा कळतं, हे तुम्ही करू शकता.

६. फाइल उघडताना काही बदललं, म्हणजे फॉन्ट, पानांची संख्या, तारखांची पद्धत, न चालणारं समीकरण, बंद केलेला मॅक्रो, तर त्याची यादी समोर दाखवा आणि ती सेव्ह करता येऊ द्या. मूळ फाइलीवर नवी फाइल विचारल्याशिवाय लिहू नका.

७. भारतीय भाषांच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर ओळखून युनिकोडमध्ये बदलायची सोय ऑफिसमध्येच द्या. त्यासाठी कुठल्या फॉन्टचा कुठला आकार कुठे बसतो याचे तक्ते लागतील, ते ज्यांच्याकडे आहेत त्या फॉन्टवाल्या कंपन्यांनाही या पत्रातून तीच विनंती आहे, तक्ते खुले करा.

८. काहीही बंद करायचं असेल तर निदान काही वर्षं आधी सॉफ्टवेअरच्या आतच सांगा, तशी फाइल उघडल्यावर सांगा. कंपनीच्या ब्लॉगवर लिहिलेलं साध्या माणसापर्यंत पोचत नाही.

ज्यांच्याकडे अशा फाइली आहेत आणि जे हे वाचतायत त्यांना एवढंच सांगते, कंपन्या काय करतील ते करतील, तोवर मूळ फाइल पुसू नका, ‘खराब’ म्हटलं तरी पुसू नका. तिची प्रत काढा आणि प्रतीवरच प्रयोग करा. लिब्रेऑफिसमध्ये एकदा उघडून बघा. मजकूर मिळाला की तो डॉकएक्स किंवा ओडीटीमध्ये (ओपन डॉक्युमेंटची मजकुराची फाइल) ठेवा, आणि पानं जशी होती तशी हवी असतील तर सोबत पीडीएफ-ए करून ठेवा, तो प्रकार २००५ पासून खास जपून ठेवण्यासाठीच आहे, फॉन्ट आतच बसवलेले असतात. फॉन्टच्या फाइली असतील तर त्याही त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवा की हे कशात केलं होतं, कुठला फॉन्ट होता. जुना चालू स्थितीतला कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधी आत काय काय इन्स्टॉल आहे ते बघा.

आणि कंपन्यांना, टीमना शेवटची विनंती. उत्तर द्याल तर मला खासगीत देऊ नका, जाहीर द्या, आणि मागण्यांच्या नंबरप्रमाणे द्या, कुठली करणार, कुठली नाही, नाही तर का नाही आणि करणार असाल तर कधीपर्यंत. पब्लिशरचं उत्तर आधी, कारण त्याची तारीख ठरलेली आहे.

कळावे,
आपली,
जुन्या फाइली उघडून देणारी एक टायपिंग-डीटीपीवाली